कोणालेच नाई सांगतलं

—नाई काकू, काजल घरी नाई हे मालूम हाय मले, स्टँडवरच्या पानठेलेवाल्यानं सांगतलं, म्हणे कापूस वेचाले गेली ती, संध्याकाळपर्यंत येईन — म्हणूनच त आलो आता. म्हणजे — तसं नाई — म्हणजे मले तुम्हालेच भेटाचं होतं. तिले नाई. बसू इथं? खाट नका टाकू, ओट्यावरच बरं हाय. पाणी तेवढं देजा, सेलूवरून ऑटोनं आलो, धूळ गेली पार घशात. चहा नको. नाई काकू, खरंच नको, तुमच्या हातचा चहा प्याचं तोंड नाई माह्यं — असंच म्हटलं, मजाक केली. तुम्ही शेंगा सोला, तुमचं काम थांबवू नका माह्यासाठी. वालाच्या हाय ना? द्या चार इकडं, मीबी सोलतो. हात रिकामे असले का माणूस भलतंच बोलते.

मी धनंजय. काजलच्याच कॉलेजात हाय, एक वर्ष पुढं तिच्याहून. तिनं घरी कधी नाव घेतलं असंन — नाई? एकदाबी नाई? बरं. नालवाडीचा मी, वर्धेलगतचं, बाबा ऑफिसात क्लार्क, आई शाळेत शिकवते. अन् कॉलेजात मी विद्यार्थी समन्वयक हाय — आता हे काय असते म्हणान तुम्ही — त असं पाहा, कॉलेजात पोराईची मंडळं असतात, नाटकवाल्याईचं वेगळं, गाणेवाल्याईचं वेगळं, भाषणं देणाऱ्याईचं, फोटो काढणाऱ्याईचं, निसर्ग मंडळ, विज्ञान मंडळ — अकरा मंडळं अन् हॉल एक. गाणेवाले पेटी घेऊन बसले का त्याच टायमाले भाषणवाले टेबल ठोकत येतात. मग भांडण. मग सगळे माह्याकडं. हॉल कोणाले कधी, माईक कोणाचा, प्राचार्य सरांची सही कोण आणन, पाहुण्याले स्टेशनवर घ्याले कोण जाईन — सगळं माह्यावर. पोट्टे म्हणतात, धन्या म्हणजे अकरा सासवाईची एक सून. हसल्या — नाई हसल्या. बरं. पण खरं सांगतो काकू, मले आवडते ते. व्हरांड्यातून चाललो का चार जण आडवे येतात, 'दादा, आमचं काय केलं? दादा, आमचं कधी?' — बरं वाटते माणसाले. लय बरं वाटते. तिथंच बिघडते मग तो.

काजलवरच येऊन राह्यलो, काकू. निसर्ग मंडळ मी बंद करणार होतो. दोन-तीन पोट्टे होते त्यात, तेबी कॅन्टीनमधी बसून राहत, तं म्हटलं त्याईची खोली फोटोवाल्याईले देऊन टाकू. तवा ही पयल्या वर्षाले नवीन आलती. दारात येऊन उभी राह्यली, दप्तर असं छातीशी धरून, अन् म्हणे, 'दादा, बंद कायले करता?' म्हटलं, कोणी येतच नाई. तं म्हणे, 'तुम्ही बोलावलं कधी?' — एवढंच. खोलीची किल्ली तिलेच देऊन टाकली मी. मग तिनंच पोराईले सकाळी तलावावर न्याले सुरुवात केली, कोणतं पाखरू बोलून राह्यलं ते डोळे मिटून सांगे, पोट्टे नुसते तोंडाकडं पाहत. मुंगूस कुठून गेलं, कोणता पाचोळा वाऱ्यानं हालला अन् कोणता जनावरानं — सगळं. दिवाळीपर्यंत सगळ्यात जास्त पोरं निसर्ग मंडळात, अन् अध्यक्ष कोण, तं काजल. तुमची पोरगी जास्त बोलत नाई, काकू, पण बोलली का लोक ऐकतात. माह्यासारखं नाई, मी बोलतो धो-धो अन् — नाई नाई काकू! तसं काई नाई. तशा नजरेनं नका पाहू. शपथ घेतो. म्हणजे मले ती — ते सोडा. तसं काई असतंबी, तं आता राह्यलं नाई. मीच नाई ठेवलं.

तुम्हाले काय सांगतलं तिनं, कॉलेजले सुट्ट्या हाय? ... हं. सुट्ट्या नाई काकू. कॉलेज चालू हाय, परीक्षा तोंडावर आली. आमची ते नाटकाची स्पर्धा झाली, त्या दिवसापासून ती आलीच नाई. फोनबी बंद. वसतिगृहातल्या आकांक्षाले विचारलं, तिच्या खोलीतलीच पोरगी, ती म्हणे, 'मले काय विचारता दादा, तुम्हालेच मालूम.' अन् दार लावून घेतलं. म्हणून आलो. तुम्ही समजावा तिले, काकू. तुमचं ऐकन ती. वर्ष नका जाऊ देऊ तिचं, हुशार हाय, लेक्चररबाई म्हणत होत्या का पुढं जंगलखात्याची परीक्षा देईन ही — अन् दुसरं म्हणजे — दुसरं असं का नाटकाची पुढची फेरी हाय अमरावतीले. आमचा पयला नंबर आला ना इथं. तं तिथं आयोजकाईले कोणीतरी सांगतलं का ही खरी घटना हाय, कॉलेजातल्याच पोरीची. कोणीतरी म्हणजे सुमीतनं, नाटक मंडळाचा तो, नाटकाच्या वेळी काजलचा चेहरा पाहूनच ओळखलं त्यानं. तं ते म्हणतात, त्या पोरीले मंचावर आणा, दोन शब्द बोलू द्या, पेपरवालेबी येतील. अन् मीच म्हटलं सगळ्याईपुढं — मी जातो तिच्या गावाले, हिंगणीले, काकूले भेटतो, काकू तयार करतील तिले. ... हे मी तुम्हाले सांगणार नव्हतो. मी म्हणणार होतो का माफी मागाले आलो. माफी मागालेच आलो, काकू, खोटं नाई ते. पण दोन्ही कामं घेऊन आलो, अन् ऑटोत बसल्या बसल्या हिशेब करत होतो का कोणतं आधी काढावं म्हणजे दुसरं सोपं जाईन. असा हाय मी. आता तुम्ही पाणी दिलं, शेंगा दिल्या सोलाले — अन् तो भिंतीवरचा फोटो, हार घातलेला — कैलासकाकाच ना ते, काजलचे बाबा? — तं अमरावतीचं तोंडातून निघाले नको होतं. निघालं.

आता आधीपासून सांगतो. मागच्या थंडीत आम्ही निसर्ग मंडळाची सहल आणली होती, इथंच, बोर धरणावर. तुमच्या घरावरूनच गेली बस, पण काजल म्हणे, घरी नको, उशीर होईन. तिथं जंगलाच्या कडेले पाहाले मचाण हाय, लोखंडाचं, शिडीचं. सगळे पोट्टे धपाधप वर. काजल खालीच. मले चेव आला, मोठ्यानं ओरडलो, 'पाहा रे, निसर्ग मंडळाची अध्यक्ष अन् मचाणाले भेते!' पोट्टे हसले वरून. ती नुसती खाली मान घालून चपलेनं माती उकरत राह्यली. मग मले कसंतरी झालं, मी खालीच थांबलो तिच्यासंगं, अन् — काय मालूम काऊन, मी थांबलो म्हणून असंन — तिनं सांगतलं. कैलासकाकाचं. वाघाचं. ते मी तुमच्यापुढं परत नाई सांगत काकू, तुम्हाले काय सांगाचं ते, तुम्ही भोगलं. पण ती असं सांगत होती ना, मान वर न करता, जसं कोणी पोटातला काटा काढून हातावर ठेवते. अन् शेवटी म्हणे, 'दादा, मी कोणालेच नाई सांगतलं हे. तुम्ही बी नका सांगू.' म्हटलं, नाई सांगत. मायची आण घेतली. तिनं घे नव्हतं म्हटलं, माह्याच मनानं घेतली.

अन् पाळलंबी मी, काकू. वर्षभर कोणाले बोललो नाई. घरीबी नाई. मग हे नाटकाचं लफडं आलं. नाटक मंडळाचं जे नाटक बसवणं चालू होतं, त्याचा लिहिणारा पोट्टा सुमीतशी भांडून निघून गेला, वही घेऊन गेला. स्पर्धा आली डोक्यावर. सरांनी बोलावलं मले, म्हणे, 'धनंजय, इतक्या वर्षात आपलं कॉलेज या स्पर्धेत नाई असं झालं नाई, तुझ्याच काळात होईन वाटते.' बस. हे लागलं मले. घरी गेलो, बसलो, म्हटलं काय लिहू, काय लिहू — अन् काकू, माह्याच्यानं साधा निबंध लिहून होत नाई, कधीच नाई झाला — पण त्या दिवशी जेवणाच्या आत नाटक तयार. दुसऱ्याचं दुःख असलं का हात कसा सरसर चालते! नावं बदलली मी. गाव बदललं. म्हटलं, कोण ओळखन? सुमीतनं वाचलं, त्याच्या डोळ्यात पाणी, म्हणे, 'धन्या, हे तुले सुचलं?' मी — नाई म्हटलं नाई मी.

आता मंचावर मचाण पायजे. बांबूचं, खरोखरचं, ज्यावर पोरगी बसन. कोणाले बांधता येते? काजलले. अन् ते सांगाचं कोणाले, तं मंडळामंडळात मेळ घालणारा मी. गेलो तिच्याकडं, म्हटलं, 'नाटकवाल्याईले निसर्ग मंडळाची मदत पायजे, जंगल उभं करून दे.' ती म्हणे, 'नाटक कशावर हाय?' — म्हटलं, झाडतोडीवर. असं म्हटलं मी. तिच्या डोळ्यात पाहून म्हटलं. तिनं बांबू आणले, सुतळ्या आणल्या, एकटीनं बांधलं, गाठी अशा का सुमीत लटकून पाहे तरी हालत नव्हतं. वेदश्री होती त्यात काम कराले, शहरातली पोरगी, ती वर चढून पाय सोडून बसली. तं काजल खालून म्हणे, 'पाय लोंबू देऊ नको. पोटाशी घेऊन बस. खालून पाय दिसले नाई पायजे.' मी तिथंच होतो. म्हटलं, आता सांगून टाकाव, आताच सांगाव, हिले बाजूले घेऊन — अन् तेवढ्यात लाईटवाला आला, दादा, वायर कमी पडते. गेलो वायर पाहाले.

थांबा, पुढं अजून हाय. वाघ काई मंचावर आणता येत नाई. तं ठरलं का आवाज कराचा. पाचोळ्याचा. पडद्यामागून कोणीतरी पोतंभर वाळलेला पाला हातानं असा चुरगाळाचा, हळूहळू, जवळ येत गेल्यासारखा. तो आवाज बरोबर कोणाले काढता येते? ... हो. तिलेच दिला मी. स्पर्धेच्या दिवशी ती विंगेत बसली, पुढ्यात पोतं, तिले नाटक मालूम नाई, फक्त मी हात वर केला का सुरू कराचं एवढं मालूम. मी समोरच्या विंगेत. हॉल गच्च. मंचावर मचाणावर पोरगी, खाली बाप पिकाची राखण करून राह्यला, दिवस बुडाले आला — मी हात वर केला. तिनं पाला हालवला. काकू, इतका खरा आवाज, पुढच्या रांगेतली बाई सावरून बसली. अन् मग बाप ओरडला, 'पोरी, खाली उतरू नको!' — अन् पाल्याचा आवाज बंद. मी पाहिलं, काजल माह्याकडं पाहून राह्यली. हात पोत्यातच. मंचावर सगळे अडकले, वेदश्रीले कळंना. अन् मी — मी काय केलं? धावलो? पडदा पाडला? मी हातानं खुणावलं तिले. असं. चालू ठेव, चालू ठेव, म्हणून. अन् तिनं केलं, काकू. शेवटपर्यंत केला तिनं तो आवाज. माह्याकडं पाहत पाहत. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, पयला नंबर आला, सर माह्या पाठीवर थाप देऊन राह्यले, अन् मले तेवढंच दिसे, ते हात पोत्यातले.

फोटोसाठी तिले शोधाले गेलो मागं. ती मचाणाच्या गाठी सोडून राह्यली होती. म्हटलं, 'काजल, चाल ना फोटोले.' ती म्हणे, 'बांबू परत द्याचे हाय.' पाहिलं नाई माह्याकडं. मी म्हटलं, नावं बदलली हाय, कोणाले कळणार नाई, उलट लोक रडले पाहा, बाबाची आठवण राह्यली — असलं काई काई बोलत होतो. ती शेवटची गाठ सोडून उभी राह्यली अन् एवढंच म्हणे, 'माह्या मायले कळलं तं?' अन् गेली. तवापासून तेच डोक्यात फिरून राह्यलं, काकू. म्हटलं, बरोबर हाय, काकूले वाटन का आमच्या घरच्या माणसाच्या मरणाचं यानं खेळणं केलं. बाहेरून कळण्याआधी आपण जाव, आपल्या तोंडानं सांगाव, पाय धराव. तुमचे पाय धरतो मी. जे काई —

काय? कोणती पोरगी? मंचावर त वेदश्री — नाई, खरी कोणती म्हणजे? काजलच की. मचाणावर काजल होती ना, अन् खाली कैलासकाका, अन् — ...

काकू?

कुठं होती म्हणता? जिजाबाईच्या घरी? कोण जिजाबाई, शेजारच्या? संध्याकाळभर तिथंच होती, तापानं पडली होती — हो, ते नंतर. नंतर गेली ती तिथं. अंधार पडल्यावर उतरून, धावत — तिनं सांगतलं नाई तुम्हाले? ... कोणालेच म्हणजे — मले वाटलं कॉलेजात कोणाले नाई. मले वाटलं, माय आहे, मायले त मालूमच असंन. कोणालेच म्हणजे तुम्हालेबी — एवढ्या वर्षात —

नाई. नाई काकू, थांबा. ते तसं नाई. ते नाटकात होतं. मी रचलं ते. नाटकात कराव लागते थोडं इकडचं तिकडचं, लोकाईले पोरगी पायजे असते मंचावर, म्हणून मी मनानंच बसवली ती मचाणावर, खरं म्हणजे काजल तिथं नव्हतीच, ती जिजाबाईच्याच — ...

नका पाहू अशा. हो. खोटं बोलून राह्यलो. होती ती तिथं. सातवीत होती ना? शाळा सुटल्यावर वावरात गेली, बाबाले भाकर द्याले, तं बाबानं वर बसवलं तिले मचाणावर, म्हणे डुकरं येतात, वर बस. डुकरं नाई आली. ... तुम्ही कुठं होत्या? धुऱ्यापलीकडं, बांधाच्या त्या बाजूले? बबनरावच्या वावरात कापूस वेचत — इतक्या जवळ? अन् हाक नाई आली तुम्हाले. एकबी हाक नाई. ... अन् तेच घेऊन बसल्या तुम्ही इतकी वर्षं, का एक हाक मारली असती त गेली असती मी, विळा होता संगं. त्यायनं हाक काऊन नाई मारली.

मले मालूम हाय काऊन नाई मारली.

सांगतो. मले बोलू द्या, मले जमत नाई हे. नाटकात बाप एकच वाक्य बोलते, 'खाली उतरू नको.' अन् शेवटी पोरगी लोकाईकडं तोंड करून म्हणते, 'मी भेली, बाबा, म्हणून मी ओरडली नाई.' त्या वाक्यावर टाळ्या पडल्या. ते वाक्य माह्यं हाय. काजलचं नाई. काजल असं कधीच नाई म्हणाली. तिनं मले बोरवर जे सांगतलं, त्यात बाबा दोन गोष्टी बोलले. एक, उतरू नको. अन् दुसरी — दुसरी मी कापली. सुमीतनं नाई, मीच. म्हटलं, माय नाटकात नाईच, तं तिचं नाव कायले, पात्र वाढते, वेळ जाते, अन् पोरगी नुसती भेली म्हणून गप राह्यली असं ठेवलं त जास्त लागते लोकाईले. लागलं. तिनं विंगेत बसून ऐकलं ते, काकू. का ती भेली म्हणून बाप मेला. भरल्या हॉलमधी, अन् हातानं पाला हालवत.

दुसरी कोणती? ... 'मायले हाक मारू नको, ती धावत येईन.'

असंच म्हणाले ते. धुऱ्यापलीकडं तुम्ही हाय हे त्याईले मालूम होतं ना. स्वतःबी नाई मारली हाक, अन् पोरीलेबी नाई मारू दिली. तिनं तोंडात ओढणी कोंबली होती, काकू, आवाज निघू नये म्हणून. पाय पोटाशी घेऊन. भेली नव्हती ती. म्हणजे भेली असंन, लेकरूच ते, पण त्याच्यानं नाई गप राह्यली. मग नंतर तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याले म्हणत असान, एक हाक आली असती त... तं ती कोणत्या तोंडानं सांगन, का हाक न मारणारी मीच होती वर.

परत सांगू? ... 'मायले हाक मारू नको. ती धावत येईन.' हो. एवढंच. त्याच्यापुढं मले नाई मालूम, तिनं नाई सांगतलं, अन् मी नाई विचारलं.

रडा तुम्ही. नाई, रडून नाई राह्यल्या. थापड मारा माह्या तोंडात. मी आलतो का तिच्या मनावरचं ओझं थोडं कमी कराव म्हणून, अन् जे तिनं सातवीपासून सांभाळलं ते मी ओट्यावर बसून, शेंगा सोलता सोलता — मी हे तिले कसं सांगू? सांगू का नको? का तुम्हीच — ...

उठून राह्यल्या? राहू द्या, सूप सांडलं त सांडलं, मी भरतो. कोणाच्या वावरात गेली ती आज? लांब हाय काय? मी ऑटो पाहतो स्टँडवरून, दोन मिनिटं — नाई? बरं. मी संगं येतो, मीच सांगतो तिले का माह्या तोंडून — नको. हो. नको येऊ मी. बरोबर हाय. अमरावतीचं मी आज बंद करतो काकू, नाटकच बंद, सरांले सांगतो का लिहिलेलं खोटं हाय, समन्वयकगिरीबी सोडून — ... ऐकाचं नाई तुम्हाले ते. बरं. जातो मी. ती येण्याआधी जातो, इथं नाई दिसत तिले. दार लोटून घेऊ? काकू, पायात घाला ना काही, पऱ्हाटीचे खुंट हाय वाटेत — डोक्यावर पदर — काकू, हळू. पडान. काकू, धावू नका—